पाच-सहा तासांचं नाटक, लग्नाची लांब फिल्म: रेंडर मधातच बंद पडत असेल तर काय करायचं

आमच्या पूर्व विदर्भातल्या ब्रह्मपुरी-वडसा पट्ट्यात दिवाळी झाली की झाडीपट्टीच्या नाटकांचा सीझन लागतो, आणि आमच्याकडं नाटक म्हणजे दोन-अडीच तासांत आटपणारा खेळ नाही, रात्री दहा-अकराला पडदा उघडला की पहाटच होते. मी ही नाटकं शूट करतो, उन्हाळ्यात लग्नं करतो, आणि एडिटिंग सगळं घरीच, साध्या असेंबल केलेल्या कॉम्प्युटरवर. साडेपाच तासांची टाइमलाइन (एडिट केलेली पूर्ण पट्टी) रात्री रेंडरला, म्हणजे तिची एक व्हिडिओ फाइल बनवायला लावायची, सकाळी उठून पाहायचं तर ९१ टक्क्यांवर मरून पडलेली. कधी निळी स्क्रीन, कधी सॉफ्टवेअरच गायब, कधी अख्खा कॉम्प्युटर बंद. आणि तिकडून मंडळाच्या पोराचा फोन, "भाऊ, पेन ड्राइव्ह आज भेटन ना जी?" तेव्हा पोटात जो गोळा येते तो मला चांगला माहीत आहे, म्हणून हे सगळं नीट लिहून काढतो आहे. शहरात दुकान दोन गल्ल्या सोडून राहते, आपल्याला मशीन गाडीवर बांधून तालुक्याला न्यावी लागते, तर आधी घरीच काय काय तपासता येते ते पाहू.

पहिले एक काम करा. एक वही घ्या आणि कॉम्प्युटरजवळच ठेवा. खरं सांगतो, माझे निम्मे प्रॉब्लेम त्या वहीनं सोडवले. रेंडर पडलं की आपण घाबरून एका दमात दहा गोष्टी बदलतो, ड्रायव्हर टाकतो, सॉफ्टवेअर काढून परत टाकतो, रॅम हलवतो, आणि मग चाललं तरी कशानं चाललं ते कळत नाही आणि पुढच्या नाटकाला परत तेच. म्हणून प्रत्येक वेळी तीन गोष्टी लिहा: टाइमलाइनवर नेमकं कुठं पडलं, सुरू केल्यापासून किती वेळानं पडलं, आणि कसं पडलं. दोन-तीन रात्रींचं लिहिलं की चित्र दिसते. दर वेळी एकाच जागेवर पडत असेल तर दोष त्या क्लिपमध्ये किंवा इफेक्टमध्ये. जागा वेगळी पण वेळ साधारण तीच, म्हणजे तास-दीड तास झाला की पडते, तर उष्णता किंवा मेमरी. आणि कसला मेसेज नाही, निळी स्क्रीन नाही, बटण दाबल्यासारखा फट्कन बंद, तर पहिला संशय वीज आणि एसएमपीएसवर (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) घ्या.

सोबत विंडोजची स्वतःची वहीपण पाहून घ्या. स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर शोधा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टम, आणि ज्या वेळेला बंद पडलं त्या वेळेच्या लाल-पिवळ्या ओळी वाचा. कर्नल-पॉवर ४१ दिसलं तर त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाउन न होता बंद झाली. लोक या ४१ लाच रोग समजतात, तो रोग नाही, खुणेचा दगड आहे. ४१०१ नंबर असेल तर डिस्प्ले ड्रायव्हर अडकला होता, म्हणजे ग्राफिक्स कार्डाकडं वळा. रिसोर्स एक्झॉशन डिटेक्टर २००४ असेल तर मेमरी संपली होती. आणि डब्ल्यूएचईए-लॉगर असं नाव असेल तर प्रोसेसर, रॅम, बोर्ड यातल्या कशाचीतरी हार्डवेअरची कुरकुर आहे.

उद्याच द्यायचं असेल तर आज रात्री काय करायचं

कारण सावकाश शोधू, पण उद्या सकाळी माणूस दारात येणार असेल तर एकच रस्ता आहे: तुकडे करा. आता मी मशीन चांगली चालत असतानाही असंच करतो.

कारण समजून घ्या. एमपीफोर फाइलची जी अनुक्रमणिका राहते, कोणती फ्रेम कुठं आहे ती यादी, ती साधारणपणे रेंडर पूर्ण झाल्यावर शेवटी लिहिली जाते. म्हणून ९९ टक्क्यांवर जरी मशीन बंद पडली तरी हार्डडिस्कवर २५ जीबीची फाइल दिसते पण कोणत्याच प्लेअरमध्ये उघडत नाही, आणि पूर्ण रात्र पाण्यात. तेच तुम्ही अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे केले तर सातव्या तुकड्यात पडलं तरी सहा हातात आहेत, फक्त सातवा परत लावायचा.

साडेपाच तासांचे अकरा तुकडे होतात. टाइमलाइनवर इन आणि आउट लावा, क्यूमध्ये टाका, पुढचा इन-आउट, परत क्यू. प्रीमियरवाल्यांनी मीडिया एन्कोडरमध्ये, रिझॉल्व्हवाल्यांनी डिलिव्हरच्या रेंडर क्यूमध्ये. कट कुठं करायचा हे मात्र जपून ठरवा, बरोबर तीस मिनिटांवर करायचा नाही. नाटकात प्रवेश संपतो, लाइट बंद होतात, ऑर्गन-तबला थांबतो, तो जो काळोखाचा सेकंद-दोन सेकंद राहते तिथं कट करा. एएसी ऑडिओच्या (एमपीफोरमधला आवाज बहुतेक याच प्रकारचा राहतो) जोडावर कधी कधी बारीकसा टिक आवाज येते, आणि गाण्याच्या मधात तो आला तर लोकांच्या कानाला लगेच लागते, शांततेत आला तर कोणाला पत्ताही लागत नाही. लग्नात हळद संपून वरात सुरू होते तसल्या जागा पकडा.

सगळ्या तुकड्यांची सेटिंग एकसारखी पाहिजे, तंतोतंत. १९२० बाय १०८०, २५ फ्रेम, बिटरेट (सेकंदाला किती डेटा तो आकडा) तोच, ऑडिओ ४८ किलोहर्ट्झ. एक प्रीसेट सेव्ह करा आणि तोच सगळ्यांना लावा. मग लॉसलेसकट नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात सगळे तुकडे ओढून टाकायचे आणि मर्ज करायचं, ते परत रेंडर करत नाही, नुसतं जोडते, त्यामुळं काही मिनिटांत काम होते आणि क्वालिटी एक कणही जात नाही. एका तुकड्याची सेटिंग जरी वेगळी राहिली तर जोडल्यावर तिथून चित्र फाटते किंवा आवाज मागंपुढं होते, म्हणून प्रत्येक जोडाच्या आधीचे दहा आणि नंतरचे दहा सेकंद हेडफोन लावून पाहायचेच.

साइजचा हिशेब तोंडी करता आला पाहिजे. १२ एमबीपीएस बिटरेट म्हणजे सेकंदाला दीड एमबी, तासाला ५.४ जीबी, साडेपाच तासांचे जवळपास ३० जीबी. अर्ध्या तासाचा तुकडा २.७ जीबी. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पेन ड्राइव्ह बऱ्याचदा एफएटी३२ फॉरमॅटमध्ये येतो आणि त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर बसतच नाही. बरेच जण थेट पेन ड्राइव्हवर किंवा जुन्या एक्सटर्नल डिस्कवर रेंडर लावतात आणि दर वेळी ४ जीबीला येऊन पडते, आणि दोष जातो सॉफ्टवेअरला. रेंडर कायम आतल्या एनटीएफएस (विंडोजचा नेहमीचा फॉरमॅट) डिस्कवर करा, मग कॉपी करा. गावात काही टीव्ही एक्सएफएटी (४ जीबीची अट नसलेला फॉरमॅट) वाचत नाहीत, तिथं हेच २.७ जीबीचे तुकडे एफएटी३२ वर टाकून दिले की जवळपास कोणत्याही टीव्हीवर चालतात, जोडायचीसुद्धा गरज नाही.

दर वेळी एकाच जागेवर पडत असेल

हा सगळ्यात सोपा प्रकार, कारण दोष पळून जात नाही. एरर मेसेजमध्ये टाइमकोड आला असेल तर उत्तमच, नसेल तर अर्धं-अर्धं करत जा: पहिला अर्धा भाग रेंडर करा, चालला तर दोष दुसऱ्या अर्ध्यात, मग त्याचे दोन भाग. साडेपाच तासांतून दोन-तीन मिनिटांपर्यंत यायला सात-आठ फेऱ्या लागतात, आणि चाचणीसाठी बिटरेट कमी ठेवला तरी चालते.

माझ्या एका नाटकात रेंडर कायम २ तास १४ मिनिटांवर मरायचं. मी चार दिवस ड्रायव्हर बदलत बसलो. शेवटी त्या जागेवर फ्रेम-फ्रेम पुढं गेलो तर राजाच्या दरबाराच्या प्रवेशात एक फ्रेम अर्धी हिरवी, त्याच्या पुढची पूर्ण राखाडी, आणि तिथं सॉफ्टवेअर अडकायचं. रेकॉर्डिंग चालू असताना कॅमेऱ्याची बॅटरी गेली होती, त्या क्लिपचं शेपूट खराब होतं. तेवढ्या बारा फ्रेम कापल्या, त्यावर दुसऱ्या कॅमेऱ्याचा शॉट टाकला, आणि रेंडर सरळ शेवटपर्यंत गेलं.

जागा सापडली की या क्रमानं करा. आधी तिथले इफेक्ट बंद करून रेंडर करा. चाललं तर इफेक्ट किंवा प्लगिन दोषी, आणि क्रॅक केलेली प्लगिन असतील तर पहिले तीच काढा, लग्नाच्या टायटल-ट्रान्झिशनचे जे पॅक हातोहात फिरतात त्यांनी किती रात्री खाल्ल्या त्याचा हिशेब नाही. इफेक्ट बंद करूनही पडलं तर क्लिप दोषी. ती क्लिप हँडब्रेक नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून कॉन्स्टंट (न बदलणाऱ्या) फ्रेम रेट २५ वर नवीन करून घ्या आणि टाइमलाइनवर बदला. मोबाइलच्या क्लिपला तर हे आधीच करून ठेवा, कारण मोबाइल उजेडाप्रमाणं फ्रेम रेट कमीजास्त करत राहतो आणि लांब टाइमलाइनमध्ये त्यानं आवाज पुढंमागं होतो, कधी सॉफ्टवेअरही पडते. आणि कॅमेऱ्याच्या कार्डावरून कॉपी करताना नुसत्या व्हिडिओ फाइल उचलू नका, पूर्ण फोल्डर उचला. लांब रेकॉर्डिंग कॅमेरा तुकड्या-तुकड्यात लिहितो आणि ते तुकडे कसे जोडायचे ती माहिती बाजूच्या फाइलींत राहते.

लग्नवाल्यांसाठी एक खास गोष्ट, फोटो. २४ मेगापिक्सलचा फोटो ६००० बाय ४००० राहतो. डिस्कवर तो ८-१० एमबीचा दिसतो, पण मेमरीत उघडला की साधा हिशेब केला तरी ९६ एमबी, आणि सॉफ्टवेअर जास्त बारकाईनं रंग मोजत असेल तर त्याच्या चौपट. असे दीडशे फोटो स्लाइड-शोमध्ये टाकले की मशीन तिथंच बसते. टाकायच्या आधी सगळे फोटो एका झटक्यात २५०० पिक्सल रुंदीवर आणा. झूम करायचं असेल तरी पुरते.

तास-दीड तासानं पडत असेल: आधी उष्णता

मे महिन्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडं पारा ४५-४६ च्या वर जातो हे सांगायची गरज नाही, आणि लग्नाचा सीझनही तेव्हाच. पंखा कितीही मोठा लावा, तो खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. जानेवारीत खोली २२ वर असताना प्रोसेसर ७० वर चालत असेल तर मे महिन्यात खोली ४२ ला गेली की तोच प्रोसेसर ९० वर, मशीन तीच, काम तेच. म्हणून "थंडीत तर चालत होतं" यात काही गूढ नाही.

तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो सॉफ्टवेअर टाका, सेन्सर उघडे ठेवा आणि रेंडर चालू करून अर्धा तास पाहा. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० डिग्रीला पोचले की आधी स्वतःहून हळू होतात, म्हणून रेंडरचा वेळ वाढत चालला असेल तर तीच पहिली सूचना समजा. बंद बऱ्याचदा दुसऱ्याच कारणानं पडते, बोर्डवरचा वीजपुरवठ्याचा भाग किंवा एसएमपीएस तापतो.

मशीन पूर्ण बंद करा, प्लग काढा, बाजूचा पत्रा उघडा. धान चुरायच्या (मळणीच्या) दिवसांनंतर मी उघडला तेव्हा प्रोसेसरच्या पंख्याखाली कोंड्याची आणि धुळीची मिळून एक घोंगडीच जमली होती, पंखा फिरत होता पण हवा खाली पोचतच नव्हती. आणि एसएमपीएसच्या मागच्या जाळीत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं, निम्मी जाळी बंद. मऊ ब्रशनं काढा, मग ब्लोअर मारा, पण ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, तो भन्नाट फिरला तर खराब होतो. एसएमपीएस उघडू नका, प्लग काढलेला असला तरी आत करंट साठून राहतो, त्याला बाहेरूनच साफ करा. दोन-तीन वर्षं झाली असतील तर थर्मल पेस्ट बदला, वाटाण्याएवढी पुरते.

कूलरबद्दल कळकळीनं सांगतो. आपल्याकडं खोलीत कूलर राहतोच आणि मनात येते की तोंड कॅबिनेटकडं करून द्यावं. करू नका. कूलरच्या हवेसोबत बारीक पाण्याचे थेंब येतात, बोअरचं पाणी असेल तर क्षारही येतात, आणि पांढरे डाग बोर्डवर बसतात. कूलर खोलीसाठी चालवा, खिडकी उघडी ठेवा, कॅबिनेट त्याच्या धारेच्या बाजूला आणि जमिनीपासून वर ठेवा.

आणि एक फुकटचा उपाय, ज्यानं माझा मे महिना निघतो. पॉवर ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्ड सेटिंग, प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट, मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० चं ९९ करा. एका टक्क्यानं काय होणार असं वाटते, पण ९९ केलं की टर्बो (प्रोसेसरची जास्तीची धाव) बंद होतो आणि तापमान चांगलंच उतरते. रेंडरला वेळ जास्त लागेल, लागू द्या. ग्राफिक्स कार्डासाठी आफ्टरबर्नर सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा. आणि जमलं तर रेंडर दुपारी लावूच नका, रात्री अकरानंतर लावा.

मग मेमरी आणि ग्राफिक्स कार्ड

टास्क मॅनेजर उघडून रेंडर करताना मेमरीचा आलेख पाहा. हळूहळू चढत जाऊन ९५ टक्क्यांच्या पुढं गेला आणि मग पडलं, तर कारण सापडलं. क्रोम बंद करा, सी ड्राइव्हवर भरपूर जागा ठेवा कारण रॅम कमी पडली की विंडोज तिथंच पेज फाइल (डिस्कवरची जोड मेमरी) वाढवते, आणि जागा नसेल तर सॉफ्टवेअर उडते. प्रीमियरमध्ये मेमरीच्या सेटिंगला ऑप्टिमाइझ फॉर मेमरी निवडा आणि जुनं मीडिया कॅश साफ करा. आठ जीबी रॅमवर दोन कॅमेऱ्यांचं पाच तासांचं नाटक करत असाल तर सरळ सांगतो, पहिला पैसा रॅमवर टाका, ग्राफिक्स कार्डावर नंतर.

रॅम पुरेशी असून निळी स्क्रीन येते, आणि दर वेळी वेगळंच कारण लिहून येते, तर रॅमची तपासणी करा. मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. एक जरी एरर आली तर रॅम पास नाही. काढून सोनेरी पट्टी खोडरबरनं हलक्या हातानं पुसा, नीट बसवा, बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणारी बोर्डची सेटिंग) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगानं चालवायची सेटिंग, चालू असेल तर बंद करून परत तपासा.

ग्राफिक्स कार्डाचं असं आहे की कार्डानं दोन सेकंद उत्तर दिलं नाही तर विंडोज त्याचा ड्रायव्हर रीसेट करते, आणि एडिटिंग सॉफ्टवेअर तिथंच कोसळते. खात्री करायची असेल तर तोच अर्ध्या तासाचा तुकडा एकदा हार्डवेअर एन्कोडिंग बंद करून आणि रेंडरर सॉफ्टवेअर ओन्ली ठेवून चालवा. खूप हळू चालेल, पण पूर्ण झाला तर दोष कार्डाच्या बाजूला आहे हे पक्कं. मग जुना ड्रायव्हर डीडीयूनं (ड्रायव्हर पुसणारं सॉफ्टवेअर) मुळापासून काढून स्टुडिओ ड्रायव्हर (एडिटिंगसाठीचा) टाका.

इंटेलचे १३ व्या आणि १४ व्या पिढीचे वरच्या ताकदीचे डेस्कटॉप प्रोसेसर वापरणाऱ्यांनी बायोस अपडेट केलेलं आहे का ते पाहावंच. त्यांच्यात जास्त व्होल्टेजमुळं अस्थिरता येते हे कंपनीनं २०२४ मध्ये मान्य केलं, त्यासाठी बायोस अपडेटमधून मायक्रोकोड (प्रोसेसरचं आतलं सॉफ्टवेअर) दिला आणि वॉरंटीही दोन वर्षं वाढवली. आधीच खराब झालेला प्रोसेसर अपडेटनं बरा होत नाही, तो वॉरंटीतच बदलावा लागते.

डिस्कचं थोडक्यात: डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा, पिवळं कॉशन दिसलं तर आधी नाटक दुसरीकडं कॉपी करा, बाकी सगळं नंतर. फुटेज एक्सटर्नल डिस्कवर असेल तर केबल बदलून पाहा, पॉवर ऑप्शन्समधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी झोपवणारी सेटिंग) बंद करा. स्लीप नेव्हरवर ठेवा, विंडोज अपडेट आठवडाभर पॉज करा.

फट्कन बंद पडत असेल: वीज

उन्हाळी धानाच्या मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडं बल्ब पिवळा पडतो. मल्टिमीटर घ्या, दोन-अडीचशे रुपयांत भेटते, आणि रेंडर ज्या वेळेला पडते त्याच वेळेला सॉकेटचं व्होल्टेज मोजून वहीत लिहा. हे कोणी करत नाही, पण मी मोजलं तेव्हा २३० च्या जागी १७० भेटलं. एसएमपीएसच्या स्टिकरवर इनपुट २०० ते २४० लिहिलं असेल तर १७० वर तो पूर्ण लोड कसा ओढणार? नुसतं ब्राउझर उघडलं तर चालतो, प्रोसेसर आणि कार्ड दोघं पूर्ण ताकदीनं लागले की बसतो. तिथं चांगला स्टॅबिलायझर लागते, आणि एसएमपीएस खरा वॉट देणारा पाहिजे.

६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा राहतो. कार्डवाली मशीन रेंडरमध्ये तीनशेच्या आसपास ओढत असेल आणि बॅटरी दोन वर्षं जुनी असेल तर लाइन जाताच तो दोन सेकंदही धरत नाही. मॉनिटर त्याच्यावरून काढा, बॅटरी बदला. इन्व्हर्टरवर चालवत असाल तर मागं यूपीएस मोडचं बटण राहते, ते त्या मोडवर ठेवा म्हणजे बदल लवकर होतो, आणि इन्व्हर्टर साइनवेव्हचाच पाहिजे. पण यूपीएस मोडमध्ये कमी व्होल्टेज त्याला चालत नाही, लगेच बॅटरीवर जातो, म्हणून व्होल्टेज मोजायचं काम आधीच करून ठेवा.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. वायरमनला बोलवा, कोळसा-मीठ टाकून खड्डा नवीन करून घ्या. हे रेंडरपेक्षाही आधी करा, घरात लेकरं त्याच खोलीत फिरतात.

एक वेळी एकच गोष्ट बदला, आणि प्रत्येक बदलानंतर तोच अर्ध्या तासाचा तुकडा, त्याच बिटरेटवर, शक्यतो त्याच वेळेला चालवून किती मिनिटं लागली ते लिहा. सलग तीन रात्री पूर्ण नाटक न पडता निघालं की मग पुढचं बुकिंग घ्या. आणि मंडळानं पेन ड्राइव्ह टीव्हीला लावून शेवटपर्यंत पाहिलं असा फोन येईपर्यंत ते अकरा तुकडे डिलीट करू नका.